न फवारलेलं औषध

ही गोष्ट लिहायची मी बारा-चौदा वर्षं टाळली. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात कोणीतरी सरांचा विषय काढला, तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि बाहेरच राहिलो. थोरल्या मुलीने एकदा सरळ विचारलं, "बाबा, ते वास घेणारे सर काहून गेले?" मी म्हणालो, "बदली झाली." बदली झाली नव्हती. आता डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दिसतं बरं. लिहिताही येतं. सरांचं नाव मात्र लिहीत नाही. एकदा त्यांचं नाव मी एका अर्जात लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं.

भंडाऱ्याजवळ धानावर काम करणारं एक लहानसं केंद्र होतं. तिथे मी प्रयोगशाळेत मदतनीस. काचेच्या नळ्या धुवायच्या, कुंड्यांना पाणी द्यायचं, तापमान वहीत लिहायचं. बावीस वर्षं रोजंदारीवर काढली. दर वर्षी कळायचं की कायम होणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव आहे, आणि दर वर्षी यादीच यायची नाही.

सर पुण्याकडून आले. उंच, खांद्यात वाकलेले, केसांना तेल नाही, अंगाला साबणही बिनवासाचा. पहिल्या दिवशी त्यांनी माझी नोंदवही उघडली, वाचली नाही, तिचा वास घेतला. मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता."

"नाही जी सर. सोडला."

"कधी?"

"सोडला म्हणजे… सोडूनच राहिलो."

"चांगलं आहे. सुटला की सांगा. तोवर माझ्या प्रयोगाच्या पेटीजवळ येऊ नका."

ते चेष्टा करत नव्हते हे कळायला मला महिना लागला. प्रयोगशाळेत उदबत्ती बंद, फिनेल बंद, कोणाचा डबा उघडणं बंद. जवसाची चटणी आणली असेल तर ती बाहेर निंबाखाली खायची. जेवून आलं की हात धुवून दहा मिनिटं उन्हात उभं राहायचं. आम्ही ओळीने उभे राहायचो आणि रस्त्याने जाणारे लोक विचारायचे, "शिक्षा देली काय जी?"

शेतकरी रोगट पानं घेऊन यायचे. सर पान चोळून नाकाशी धरायचे. एकदा एका म्हाताऱ्याला म्हणाले, "रोग नाही हा. युरिया जास्त झालाय." म्हातारा आधी पानाकडे, मग सरांच्या नाकाकडे पाहत राहिला. "नाकानंच पाहून राहिले का जी? भिंग-गिंग नाही लागत तुमाले?" सर म्हणाले, "भिंग तुम्हाला दाखवायला ठेवलंय." बाहेर आल्यावर म्हातारा मला हळूच म्हणाला, "भाऊ, ह्या मानसाले बाहेरचं काही लागलं हाय. सांभाळून राहा."

मी सांभाळूनच होतो. खरं सांगायचं तर पहिल्यापासून माझं त्यांच्यावर लक्ष होतं. त्यांच्या कपाटाला दोन कुलपं. खिशात बूच लावलेली लहान बाटली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते रोपांसाठी उभारलेल्या प्लास्टिकच्या खोलीत एकटेच जायचे आणि कोणाशी तरी बोलायचे. "मंडळी, उठलात का?" असं मी स्वतः ऐकलं आहे. आत माणूस नव्हता.

आणि त्यांच्या पट्ट्या. कागदाची बोटभर पट्टी कापायची, तिच्यावर सही करायची आणि पेटीच्या झाकणावर अशी चिकटवायची की झाकण उघडलं तर सही फाटलीच पाहिजे. पेटीवर पट्टी, प्लास्टिकच्या खोलीच्या दारावर पट्टी, साखरेच्या डब्यावरसुद्धा. आमच्या घराण्यात पगाराचं काम करणारा मी पहिला. चाव्या माझ्याकडे असायच्या, कधी एक चमचा इकडचा तिकडे झाला नाही. त्या पट्ट्या पाहिल्या की वाटायचं, हा माणूस रोज सकाळी सही करून सांगतो की तुझ्यावर माझा विश्वास नाही.

एक दिवस बोलून गेलो. "सर, आमी का चोर हाव काय?"

ते चकित झाले. "चोर? अहो, तुमच्यासाठी नाही ती. माझ्यासाठी आहे. मलाच राहवत नाही, मीच उघडून वास घेतो. एकदा झाकण उघडलं की आतली हवा गेली, आणि हवा गेली की प्रयोग गेला."

मला ते पटलं नाही. स्वतःवर पहारा ठेवायला कोण सही करतं?

त्यांचं काम काय होतं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. धानावर कडाकरपा येतो. पानाची कड पिवळी पडते, मग वाळते, आणि सकाळी पानावर बारीक चिकट थेंब दिसतात. त्या थेंबात रोगाचे जिवाणू असतात. सर त्यांना 'पाहुणे' म्हणायचे. "पाहुणे एकेकटे आले तर झाड त्यांना हाकलतं. पण ते एकमेकांना चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत चादर विणतात. चादरीत शिरले की कोणत्याही औषधाला दाद देत नाहीत. म्हणून मारत बसायचं नाही. चादरच विणू द्यायची नाही."

चादर विणू न देणारे दुसरे जिवाणू त्यांना कारध्याकडच्या एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, धानाच्या मुळाशी सापडले होते. ती त्यांची 'मंडळी'. मंडळी पाहुण्यांना हात लावत नाही, फक्त वास सोडते. हवेत उडून जाणारा वास. कुजलेला कोबी आणि भाजलेले शेंगदाणे एकत्र ठेवल्यासारखा. दोन पसरट वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवायच्या, एकीत मंडळी, दुसरीत पाहुणे, मध्ये नुसती हवा. सर म्हणायचे तेवढ्यावरच पाहुण्यांचं विणकाम थांबतं.

मी नळ्या धुणारा, त्यामुळे पुरावा माझ्याच हाताखालून जायचा. पाहुणे वाढवलेल्या नळीत जांभळा रंग घालायचा आणि पाण्याने धुवायची. चादर विणली असेल तर काचेवर जांभळं कडं राहतं, घासल्याशिवाय निघत नाही. मंडळींच्या वासात ठेवलेली नळी मात्र एका पाण्यात स्वच्छ व्हायची. मी हे शंभरदा पाहिलं. तरी मला वाटायचं, सर नळीत आधीच काहीतरी घालत असतील. वासाने कधी काही होतं का? वासाने भूक लागते, फार तर मळमळतं.

मोठ्या साहेबांना, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांना, सर आवडत नव्हते. उन्हात उभं राहायला सरांनी त्यांनाही लावलं होतं. ते मला बोलावून विचारायचे, "काय करते रे तो दिवसभर? कपाटात काय हाय त्याच्या?" मी सांगायचो. कपाटात इतर सामानाबरोबर स्ट्रेप्टोची पुडी होती, जिवाणू मारणारं औषध. प्रयोगशाळेच्या वाट्यांमध्ये नको ते वाढू नये म्हणून ते चिमूटभर लागतं. पण साहेबांना सांगताना मी नुसतं "पुडी हाय" एवढंच सांगितलं. चिमटीचं सांगितलं नाही.

मग ती कुंड्यांची परीक्षा आली. साठ कुंड्यांत धान लावला. कात्री पाहुण्यांच्या पाण्यात बुडवायची आणि पानांचे शेंडे छाटायचे, म्हणजे सगळ्या कुंड्यांना रोग लागतो. हे सरांनी स्वतः केलं. त्यातल्या तीस कुंड्या प्लास्टिकच्या खोलीत, वर तारेला मंडळींच्या वाट्या टांगलेल्या. उरलेल्या तीस दूर, मागच्या शेडमध्ये, वासाशिवाय. आतल्या तगल्या आणि मागच्या करपल्या, तर सर खरे. बघायला बाहेरून तीन तज्ज्ञांची समिती येणार होती. शेंडे छाटले त्याच संध्याकाळी सर तीन दिवसांसाठी नागपूरला गेले. खोलीच्या दारावर पट्टी चिकटवून मला म्हणाले, "दार उघडायचं नाही. बाकी तुम्ही पाहाल."

दुसऱ्या दिवशी पोळ्याची सुट्टी. केंद्रात मी एकटा. आणि त्याच दिवशी शहापूरकडे माझ्या गावी थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. दुपारी वारा सुटला आणि मागच्या शेडचं प्लास्टिक टराटरा फाटलं. वरून पाऊस. थांबून दुरुस्त करायचं तर संध्याकाळ होणार. बायकोचा दोनदा फोन. "पावने येऊन बसले न जी! पोरीचा बाप कुठं हाय म्हणून पुसून राहिले!"

मी काय केलं ते लिहितो. प्लास्टिकच्या खोलीच्या दारावरची पट्टी ओल्या फडक्याने भिजवून अलगद सोडवली. मागच्या तीसही कुंड्या आत आणून दुसऱ्या बाजूला ओळीने ठेवल्या. दार लावलं आणि गावी गेलो. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. त्या आनंदात पुढचा दिवसही गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी येऊन शेडला प्लास्टिक लावलं, कुंड्या होत्या तशा क्रमाने परत नेऊन ठेवल्या, आणि पट्टी भाताच्या शितांनी चिकटवली. सही जुळवायला अर्धा तास लागला. वहीत लिहिलं, सर्व ठीक. मला खरंच वाटलं, सगळं ठीक आहे. कुंड्या भिजल्या नाहीत, फुटल्या नाहीत. दोन दिवस शेजारी ठेवल्याने काय होतं?

पुढे तीन आठवडे सर रोज मागच्या शेडमध्ये जाऊन उभे राहायचे. करपा येत नव्हता. कुठे एखाद्या पानाची कड पिवळी, बाकी धान हिरवागार. त्यांनी पाहुणे मेलेत का ते तपासलं. नळीत जाड जांभळं कडं आलं, म्हणजे पाहुणे ठणठणीत होते. सर जेवेनासे झाले. डबा तसाच परत न्यायचे. मीही पाहत होतो, आणि माझ्या डोक्यात एकच येत होतं, याने सगळ्या कुंड्यांवर स्ट्रेप्टो फवारलं. आतल्या तगवायला फवारलं आणि गडबडीत मागच्यांवरही मारलं. पुडी होती, कुलूप होतं, सकाळी एकटं जाणं होतं. इतक्या दिवसांचा संशय एका जागी येऊन बसला. स्वतःच्या हातांनी कुंड्या उचलून नेणारा मी, मला ते आठवत होतं आणि तरी त्याचा याच्याशी संबंध लागत नव्हता. कारण वासावर माझा विश्वासच नव्हता.

मोठे साहेब म्हणाले, "लिहून दे." सरांनी औषध फवारलं, असं मी अर्जात लिहून दिलं. साहेब वर हेही म्हणाले, "यादी यंदा येऊन राहिली." ते मी अर्ज लिहिण्याआधी ऐकलं होतं.

समिती बसली. टेबलावर पुडी ठेवली होती. सरांनी पुडीचं काम काय ते शांतपणे सांगितलं, कोणी ऐकलं नाही. मग ते म्हणाले, "फवारलं असतं तर पानात औषध सापडेल. तपासा." समितीतला एक जण म्हणाला, "आता इतक्या दिवसांनी काय सापडणार?" सर माझ्याकडे वळले.

"एकच विचारतो. मी नसताना मागच्या कुंड्या आत आल्या होत्या का? एक दिवस जरी? आल्या असतील तर काही बिघडलं नाही. उलट फार चांगलं झालं. नीट आठवून सांगा."

त्या क्षणी मला सगळं कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती. मी हो म्हटलं असतं तर त्यांचा प्रयोग सांगितल्यापेक्षा मोठा खरा ठरत होता. वास हवेतून शेजारच्या तीस कुंड्यांपर्यंत पोचला होता आणि त्याने त्या वाचवल्या होत्या. पण हो म्हणजे पट्टी सोडवली, हो म्हणजे कामावरून पळालो, हो म्हणजे अर्ज खोटा, हो म्हणजे यादी गेली. मोठे साहेब माझ्याकडे पाहत होते.

"नाही जी सर," मी म्हणालो. "जिथं होत्या तिथंच होत्या."

मला वाटलं ते ओरडतील, पट्टी तपासतील. साखरेच्या डब्यावर सही करणारा माणूस. ते म्हणाले, "बरं." मग समितीकडे वळले. "हे नाही म्हणतात म्हणजे नाही. दोन वर्षांत यांच्या वहीत एक आकडा चुकलेला नाही. तेव्हा चूक माझी आहे. मागच्या कुंड्या वासाशिवाय तगल्या, म्हणजे आतल्या वासामुळे तगल्या असं मला म्हणता येत नाही. मी काही फवारलं नाही. पण माझं म्हणणंही मागे घेतो." आणि त्यांनी आपल्या वहीत शेवटच्या पानावर एक रेघ मारली. फूटपट्टीने, सरळ.

समितीने लिहिलं, निष्कर्ष विश्वसनीय नाहीत. फसवणूक हा शब्द लिहिला नाही, तो लोकांनी बोलून पुरा केला. सरांनी महिन्याभरात राजीनामा दिला. यादी आली, मी कायम झालो. मंडळींच्या वाट्या उकळत्या पाण्यात टाकून धुवायचं काम माझ्याकडेच आलं. त्या दिवशी खोलीत कोबीचा आणि शेंगदाण्याचा वास इतका भरला होता की मोठे साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "घेऊन जा हे बाहेर." मी धुतल्या. एक वाटी ठेवून घेता आली असती.

सर पुण्याला परत गेले नाहीत. वैनगंगेच्या पलीकडे, कारध्याला, एका खोलीत भाड्याने राहिले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मंडळी इथल्या मातीची आहेत, मी तिकडे जाऊन काय करू?" भंडाऱ्याच्या बाजारात ते मला लांबून दिसायचे. कांदा सोलून वास घेत उभे, आणि भाजीवाली ओरडायची, "घ्याचा तं घ्या जी, हुंगून हुंगून सुकवता काय!" मी गल्ली बदलायचो.

गेल्या वर्षी, रिटायर होऊन बराच काळ गेल्यावर, मी कारध्याला गेलो. सांगायचंच ठरवून. त्यांनी दार उघडलं आणि इतके खूश झाले की सांगायचं मागेच पडलं. पोहे केले. खर्रा सुटला का विचारलं. मी म्हटलं, सुटला. "हो, कळलं मला," ते म्हणाले. मग उशाखालून एक पाकीट काढलं.

कुठल्याशा कॉलेजातल्या एका मुलीने त्यांना शोधून पत्र लिहिलं होतं. ती जिवाणूंच्या वासावरच काम करत होती, भाजीपाल्यावर. तिला सरांचे जुने निकाल आणि मंडळींचा पत्ता हवा होता, कुठल्या बांधीतली माती. सरांनी उत्तर लिहून ठेवलं होतं, मला वाचून दाखवलं. 'माझ्या परीक्षेत वासाशिवायच्या कुंड्याही तगल्या. कुंड्या हलवलेल्या नव्हत्या, याची खात्री मी अत्यंत विश्वासू माणसाकडून केली आहे. तेव्हा या मार्गाने जाऊन आपली वर्षं वाया घालवू नका.'

"एका पोरीची वर्षं वाचली तर बरं," ते म्हणाले. "तुम्ही भंडाऱ्याला चाललात ना? टपालपेटीत टाका एवढं."

मी पाकीट घेतलं. पोहे संपवले. नमस्कार करून बाहेर पडलो.

ते मी पेटीत टाकलं नाही. महिनाभर कपाटात ठेवलं, आणि मग पाकिटावरच्या पत्त्यावर स्वतः लिहिलं. मोडक्या अक्षरात सगळं, पट्टी, पाऊस, पोळा, तीस कुंड्या, आणि ती बांधी कोणत्या बाजूला आहे तेही. तिचं उत्तर आलं. तिने लिहिलं होतं की तिचीही पहिली परीक्षा अशीच फसली होती, वासाची आणि बिनवासाची दोन्ही रोपं एकाच बंद खोलीत ठेवली म्हणून. आता ती वेगळ्या इमारतीत ठेवते. सरांना भेटायला यायचं म्हणत होती. मला तिने एक ओळही दोष दिला नव्हता. ते वाचवेना.

तिचं पत्र आणि सरांचं न टाकलेलं पाकीट, दोन्ही खिशात घेऊन मी ऑटोने कारध्याला गेलो. खोलीला कुलूप होतं. शेजारी एक ढीवर अंगणात जाळं शिवत बसला होता.

"कोनाले पाहता जी?"

"सरांना."

"सर गेले ना, भाऊ. पंधरा दिस झाले. छातीत दुखलं, नागपूरले नेता नेता रस्त्यातच. भाचा आला होता, सामान घेऊन गेला." त्याने मला वरून खाली पाहिलं. "तुमीच का ते केंद्रातले? सर सांगत होते. म्हनत, भाऊजवळ चिठ्ठी देली हाय, आतापर्यंत पोचली असन. बसा. पानी आनतो."

मी बसलो. पाणी प्यालो. त्याने विचारलं, "काही काम होतं काय सरांशी?"

सर, मागच्या कुंड्या मी आत आणल्या होत्या. तुम्ही विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. तुमचा वास खरा होता, मला माफ करा. एवढंच काम होतं, आणि ते मी जाळं शिवणाऱ्या त्या माणसालाही सांगू शकलो नाही.